अजून न लागलेला शब्द

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही लालबागची खोली रिकामी केली. चाळ पुनर्विकासात गेली होती. बाबा आदल्या वर्षी गेले, आणि मी आईला घेऊन विक्रोळीला कन्नमवार नगरात राहायला आले होते, त्यामुळे खोलीत नुसतं सामान उरलं होतं. माळ्यावरून सगळ्यात शेवटी उतरली ती पणजोबांची पत्र्याची पेटी. तिच्यात काय आहे ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. जमिनीचा कागद! राजापूर तालुक्यातल्या गावी आपली जमीन होती, ती भावकीनं बळकावली आणि त्याचा पुरावा या पेटीत आहे, असं आजोबा सांगायचे, मग बाबा सांगायचे.

कागद खरोखरच निघाला. एकच ताव, चार घड्या घातलेला, घड्यांवर विरत आलेला. पण आमच्यापैकी कुणालाच त्यातलं एक अक्षरही वाचता येईना, कारण तो जुन्या मोडी लिपीत होता. खोलीत आम्ही सात जण होतो. दोन पदवीधर चुलत भाऊ, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक भाचा, मी स्वतः बी.कॉम. सगळे मराठी शाळेत शिकलेले. घरचा कागद, घरचीच भाषा, आणि सात माणसं तो हातोहात फिरवत नुसती बघत राहिली. आपण तो उलटा धरलाय हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मला ते वर्षभरानं कळलं.

आज हे लिहायला बसले त्याला कारण माझी पुतणी. चोवीस वर्षांची आहे, ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "आत्या, मला कशाची आवड आहे तेच कळत नाही गं. सगळ्यांना काही ना काही सापडलंय. तुझं बरं आहे, तुला मोडी सापडली." तिचा आवाज रडवेला होता. फोनवर मी जे बोलले ते अगदीच अपुरं होतं. तिला खरं ते सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहिते आहे.

मला मोडी सापडली नाही. तिशीत मी पुष्कळ शोधाशोध केली. लग्न झालं नाही, ते का हा वेगळा विषय, पण त्यामुळे "मग तू जगतेस कशासाठी?" हा प्रश्न लोक वेगवेगळ्या शब्दांत विचारायचे आणि रात्री मी स्वतःला विचारायचे. मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. सकाळी विक्रोळीहून स्लो गाडी, पाऊण तास, मग चालत ऑफिस. बिलं, नोंदी, ताळा. संध्याकाळी तीच गाडी उलटी. या सगळ्याच्या पलीकडे माझं असं काहीतरी असलंच पाहिजे असं वाटायचं. म्हणून पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, क्लास लावला. भरतकाम शिकले. दोन पावसाळे एका ग्रुपबरोबर कर्जतच्या डोंगरांत फिरले. प्रत्येक वेळी पहिले दोन महिने छान जायचे, मग जीव उडायचा, आणि दर वेळी वाटायचं की हेही आपलं नव्हे. माझ्यातच काहीतरी कमी आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती. पुतणीच्या आवाजात मला तीच समजूत ऐकू आली.

मोडीच्या वर्गाला मी गेले ती आवड म्हणून नाही. पेटीतला कागद वाचून घ्यायचा होता, आणि दुसऱ्याला दाखवायला दादाची, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत भावाची, तयारी नव्हती. "जमिनीचं प्रकरण आहे, बाहेर कशाला?" असं त्याचं म्हणणं. मग घरातल्या कुणीतरी शिकायचं ठरलं, आणि ज्याला मूलबाळ नाही त्याला वेळ असतो असं घरातले धरून चालतात. जून २०१८ ला दादरला, रविवारी सकाळी, एका शाळेच्या वर्गात मी जाऊन बसले.

सर निवृत्त शिक्षक. पहिल्या दिवशी ते ना हेमाडपंतांबद्दल बोलले, ज्यांनी मोडी आणली असं सांगतात, ना शिवकाळाबद्दल. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी एक आडवी रेघ ओढली. "आधी रेघ. मग अक्षरं तिला टांगायची." बालबोधमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आपण शब्द लिहितो आणि वर रेघ देतो, मोडीत रेघ आधी, आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर. दोन शब्दांत जागा नाही. विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, दोन्ही एकसारखंच दिसणार. कुठला ते ओळीवरून ठरवायचं. भरभर लिहिण्यासाठी घडलेली लिपी आहे ती. दरबारात, पेढीवर, चावडीवर कारकून बोरूनं किंवा टाकानं ज्या वेगानं लिहायचे त्या वेगाची. छापखाने आले, छपाईला देवनागरी सोयीची ठरली, आणि स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांमधूनही गेली. माझे आजोबा शाळेत दोन्ही लिहायला शिकले होते. बाबांना फक्त बालबोध यायची. एका पिढीत दार बंद झालं.

पहिले तीन महिने नुसती बाराखडी. कंटाळा यायचा, हे स्पष्ट लिहिते. सुरुवातीला वर्गात सव्वीस जण होतो, दिवाळीपर्यंत पाच उरलो. मी टिकले ती कागदापायी आणि दादाला शब्द दिला होता म्हणून. आवडीचा त्यात काही संबंध नव्हता. एकदा तर रविवारी सकाळी पाऊस इतका होता की गाड्या बंद पडाव्यात अशी मी मनोमन प्रार्थना केली होती.

मग एका रविवारी सरांनी जुन्या हिशेबाची झेरॉक्स वाटली. अक्षरांचा नुसता गुंता. पण उजवीकडे आकडे होते, आणि आकड्यांना चिकटलेल्या छोट्या उभ्या रेघा. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १॥ म्हणजे दीड. सोळा आण्यांचा रुपया. मी बेरीज करायला लागले. खालची बाकी जुळली. मग वाटलं, बेरीज जुळते तर ओळींमध्ये वस्तूच असणार. आणि एवढी मोठी रक्कम कशाची असेल? तांदळाची. मी त्या ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं आणि ते अक्षर 'ता' झालं. आधी जो गुंता होता, तिथे 'तांदुळ' लिहिलेलं होतं आणि मला ते दिसत होतं. सर मागे उभे होते. म्हणाले, "लागलं."

मोडी वाचणारे असंच बोलतात. अक्षर लागलं. शब्द लागत नाही. कागद लागला. गणित सुटतं, कागद लागतो.

ज्या नोकरीला मी वीस वर्षं नुसतं पोटापाण्याचं काम समजत होते, तिनंच मला ते पहिलं अक्षर लावून दिलं. जमा, खर्च, बाकी, ताळा हे सगळं माझ्या हातात मुरलेलं होतं. वर्गातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना बखरीतली वाक्यं आधी लागायची, मला हिशेब आधी लागायचे. म्हणून "नोकरी सोड आणि आवडीच्या मागे जा" असं कुणी बोललं की मला राग येतो. माझी नोकरी अजून चालू आहे. आईची औषधं तिच्यावर चालतात, आणि माझी मोडीही.

त्यानंतर काय झालं ते क्रमानं सांगता येणार नाही. गाडीत बायकांच्या डब्यात उभी असताना मी तळहातावर बोटानं स्टेशनांची नावं मोडीत लिहायला लागले. घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला. पत्रांच्या ठरलेल्या चौकटी पाठ झाल्या: वर 'श्री', मग 'राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री', आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे'. हे मायने म्हणजे पूर आलेल्या नदीतले ओळखीचे दगड. त्यांच्यावर पाय ठेवून मधला भाग ओलांडायचा. तारखांचं तर मला वेडच लागलं. शके असेल तर ७८ मिळवायचे, सोपं. पण पेशवाईतले कागद सुहूर सनाचे, आणि तो सन आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत. 'सीत सबैन मया व अलफ': सहा, सत्तर, शंभर, हजार. ११७६. त्यात ५९९ मिळवा, १७७५. मराठी कारकून, अरबी आकडे, आणि अडीचशे वर्षांनी गाडीतल्या गर्दीत बेरीज करणारी मी. कुर्ला आलं तरी मला कळायचं नाही.

पुतणीशी बोलल्यावर मला आपल्या भाषेतली एक गोष्ट पहिल्यांदाच जाणवली. आपण म्हणतो गोडी लागली. नाद लागला, ध्यास लागला, वेड लागलं, लळा लागला. भूक लागते तसं. गोडी शोधली, नाद शोधला असं मराठीत कुणी म्हणतच नाही. ते लागतं, आणि लागायचं तर आपण बराच वेळ तिथे असावं लागतं, कंटाळा येत असतानासुद्धा. पेटीच्या क्लासला मी दोन महिने होते. कदाचित सातव्या महिन्यात तेही लागलं असतं. ते आता कळायचं नाही, आणि त्याची हळहळही नाही.

घरच्या कागदाबद्दल सरांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. "तो दोन वर्षं उघडू नका. आता वाचलात तर तुम्हाला हवं तेच दिसेल." 'ध' चा 'मा' आपल्याला सगळ्यांना माहीत आहे: १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि 'धरावे' असं लिहिलेलं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं असं सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकांना त्या कथेबद्दल शंका आहे. पण सर म्हणायचे, ते लिहिणाऱ्याचं पाप झालं. वाचणाराही 'ध' चा 'मा' करू शकतो, आणि ते कुणाला कळतही नाही.

२०२० च्या दिवाळीत मी कागद काढला. ऑफिस घरूनच चालू होतं, रात्री मोकळ्या होत्या. तीन रात्री लागल्या. शब्दाखाली शब्द लिहीत गेले आणि दुसऱ्या रात्रीच कळलं की हा जमिनीचा कागद नाही.

ती याद होती, म्हणजे सामानाची यादी. पणजोबा गिरणीत कामाला होते. चैत्र शुद्ध ५, शके १८४९ ला, म्हणजे १९२७ च्या एप्रिलमध्ये, त्यांनी जैतापूरच्या बोटीनं, गावच्या एका माणसाच्या हस्ते घरी जे सामान धाडलं त्याची याद. चहा अर्धा शेर. साखर दोन शेर. लुगडं १. कुलूप १, किल्ल्या २. पाटी १, पेन्सिली ६. रोख रुपये ७॥.

पाटी १. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे असणार. त्या पाटीवर ते मोडी शिकले असतील, बालबोध शिकले असतील, आणि त्या शिक्षणाच्या जोरावर पुढे मुंबईला येऊन गिरणीतच, पण खात्यात मुकादमाच्या हाताखाली लिहिण्याच्या कामाला लागले. मी 'पाटी' हा शब्द लागल्यावर दिवा बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. कन्नमवार नगरात त्या रात्री फटाके वाजत होते.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना वाचून दाखवलं. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे जमीन नाही." त्याचं दुःख खरं होतं, तीन पिढ्या उराशी धरलेली गोष्ट मी मोडली होती. आईनं मात्र पुन्हा वाचायला लावलं.

"लुगडं कसलं, ते लिहिलंय?"

"नाही."

"हिरवं असणार," आई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत होते, सरदारांच्या आणि देशमुखांच्या वाड्यांतून. त्यांचे उपकार केवढे आहेत ते मोडी वाचणारा प्रत्येक माणूस जाणतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. पण गिरणगावातल्या चाळींच्या माळ्यांवरून, पत्र्याच्या पेट्यांतून काय काय निघालं आणि टॉवर उभे राहताना कुठे गेलं, त्याचा कुणी हिशेब ठेवला नाही. आमच्याच मजल्यावर खोल्या रिकाम्या होत असताना भंगारवाला तीन वेळा आला होता. मोडी शिकल्यावर मला तो आठवतो आणि पोटात गोळा येतो.

मग लोक यायला लागले. आधी ओळखीतले: ऑफिसातली मैत्रीण, शेजारच्या इमारतीतले काका. २०२३ च्या अखेरीस जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं सुरुवात केली, महाराष्ट्रभर मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, आणि माझा फोन थांबेना. माझ्या वाचनाला कायद्यानं काही किंमत नाही, दाखल्यासाठी सरकारी कचेरीतच जावं लागेल, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. पैसे घेत नाही. आणि जे लागत नाही तिथे टिंबं ठेवते. अंदाजाचा शब्द घालत नाही, मग समोरच्याला कितीही निकड असो. एक गृहस्थ एका शब्दासाठी तीनदा आले. त्यांना तो एका विशिष्ट प्रकारे वाचून हवा होता, मला तो तसा दिसत नव्हता. "बाई, तुमचं काय जातं?" असं विचारून ते निघून गेले. त्यांच्या मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न होता. मला चार रात्री झोप नव्हती, आणि त्या चार रात्रींत मी तो शब्द पुन्हा पुन्हा पाहिला. तो तसा नव्हताच. "तू जगतेस कशासाठी?" या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण त्या चार रात्री मला तो प्रश्न पडला नाही, हेही खरं.

आणि परळच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांच्या घरी देव्हाऱ्यात एक मोडी कागद होता, दर दसऱ्याला हळद-कुंकू वाहून वाहून वरच्या दोन ओळी पुसल्या गेलेल्या. छत्रपतींनी पूर्वजांना दिलेली सनद, असं घरात चालत आलेलं. नातवानं फोटो पाठवला होता, पण मी त्यावरून सांगितलं नाही. समोरच जायचं ठरवलं, कारण फोटोतच मला कळलं होतं. शेत गहाण टाकल्याचा कागद होता तो. साठ रुपये कर्ज, व्याजासकट.

मी पाण्याचा पेला हातात धरून बसले होते. सांगितलं. नातवाचा चेहरा पडला. आजींनी विचारलं, "माघारी काय ल्हिवलंय? माघारीबी हाय की." फोटो एकाच बाजूचा होता. मी कागद उलटला. वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळ्या शाया, कुठे पाच रुपये, कुठे दोन, कुठे ३॥. आकड्यांखाली आकडे. मी तिथेच बेरीज केली. सगळ्यात खाली, घाईच्या अक्षरात: बाकी नाही.

"मंजी फेडलं नव्हं?"

"फेडलं, आजी. सगळं. अकरा वर्षं लागली."

"मग पुजायलाच पायजे की," म्हणाल्या, आणि कागद माझ्या हातातून घेऊन देव्हाऱ्यात होता तिथे ठेवला.

शनिवारी सुट्टी असली की मी काळ्या घोड्याला जाते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचं. समोर जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर गर्दी असते, तिला वळसा घालून मी रस्ता ओलांडते. सध्या नोंदीची एक जुनी वही बघते आहे. माझ्या वाट्याचं काम छोटं आहे, दिवसाला दोन-तीन पानं. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा मिळालेली आहे, आता संगणकालाही मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पुतणीला मी त्याबद्दल विचारलं तर ती पहिल्यांदाच फोनवर हसून बोलली. तिनं दोन हस्ताक्षरांचे नमुने मागून घेतलेत. त्यातून काही होईल न होईल, मी तिला कागद पाठवलेत.

आमच्या यादीत 'पाटी' आणि 'रोख' यांच्यामध्ये आणखी एक ओळ आहे, ती वर मी मुद्दामच लिहिली नाही. घडी नेमकी त्या शब्दावर पडली आहे. शेवटचं अक्षर 'डी' असावं. किंमत दिली आहे, तीन आणे. आईला वाटतं, फणेरी पेटीतली कुंकवाची कुयरी-बियरी असेल, पण तिच्या शेवटी 'डी' येत नाही. दादा, ज्यानं त्या कॉलनंतर वर्षभर या विषयावर चकार शब्द काढला नव्हता, त्यानं मागच्या गणपतीत आपणहून विचारलं, "तो तीन आण्यांचा शब्द लागला का गं?"

नाही लागला. त्या जागी टिंबंच आहेत.